राजा रडत नाही

१२ नोव्हेंबर

ती. बाबा,

नमस्कार. तब्येत ठीक आहे, जेवण वेळेवर होतं, खोलीत ओल नाही. आईचे प्रश्न संपले.

तुम्ही विचारलं होतंत, "कार्टूनमधलं पाणी हलवायचे पैसे देतात?" देतात. सध्या एका सिनेमातलं तळं माझ्याकडे आहे. राजा ते बुजवून वर महाल बांधायला निघतो, मग त्याला उपरती होते. दिग्दर्शकाचा हट्ट असा की राजाचा एक अश्रू पडला की सगळं तळं निवळलं पाहिजे.

"मग गाळ कुठे जातो?" मी विचारलं.

"अगं बाई, लहान मुलं बघणार आहेत!"

"मुलांना गाळ माहीत असतो."

यावर बैठकांवर बैठका. डोकं उठलं. शेवटी तो वैतागून म्हणाला, "मग तूच दाखव, असा माणूस बदलतो कसा ते. पाहिलायस कुणी?"

एक पाहिला होता. मी लावलेल्या लिंबाच्या रोपावर तुमची गाडी गेली, तेव्हा तुम्ही चष्मा काढून पुसलात, गाडी मागे घेतलीत आणि त्या दिवसापासून ती बाहेर रस्त्यावर लावायला लागलात. चुकलं, असं काही म्हणाला नाहीत. रोप वाकडं का होईना, वाढलं.

चित्रं काढण्याआधी मी कॅमेऱ्यासमोर तसंच करून दाखवलं. आता आमचा राजा रडत नाही. मुकुट काढतो, पुसतो, मातीच्या गाड्या माघारी फिरवतो. पाणी गढूळच राहतं. बघून दिग्दर्शकानं स्वतःच अश्रूवर काट मारली. हे सहसा होत नाही.

आईचा फोन आला होता. म्हणाली, नगराध्यक्षांच्या सहीनं शाळेमागच्या तळ्यात भराव पडायला लागलाय, वाहनतळासाठी. 'नगराध्यक्ष' म्हणाली; 'तुझे बाबा' नाही.

तुम्ही म्हणाल, तुला इथलं काय कळतं, तू आपली कार्टून काढ. काढतेच आहे. पण राजा तुमच्यावरून काढलाय, आणि सिनेमा लागेल तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी बसणार आहात. पडद्यावरचा राजा गाड्या फिरवेल, तेव्हा मी कुठे बघू?

आई म्हणते, अजून अर्धंच बुजलंय. चष्मा पुसा, बाबा. ट्रक मागे घ्या.

पत्राचं उत्तर नको. तळ्याचा फोटो पाठवा. गढूळ चालेल.

तुमची,
लिंबाच्या रोपाची मालकीण