पोलिक्सेनीचा सदरा

प्रिय पोलिक्सेनी,

माझं डोकं तापलंय, म्हणून खाली सगळे यात्रेकरू जेवायला बसले तरी मी वर लिहीत बसलेय. मेल्यावर अंगात घालायचा तुझा सदरा यार्देन नदीत बुडवून आणते, असं मी आपल्या व्होलोसला विमानतळाची बस सुटताना तुला कबूल केलं होतं. तू गळ्याशी निळ्या दोऱ्याने नाव भरलंस, कडक इस्त्री केलीस आणि लग्नाचा आहेर द्यावा तसा हसत हातात ठेवलास. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

सकाळी कफर्णहूम. आमचे वाटाडे निवृत्त मास्तर आहेत. काळे दगड कुठल्या शतकातले नि पांढरे कुठल्या, यावर भर उन्हात तासभर बोलले. आमचे गुडघे कुठल्या शतकातले ते कुणी विचारलं नाही. मग पेत्राचं घर दाखवलं, जिथे प्रभू येशूने आपल्या या शिष्याच्या सासूचा ताप उतरवला. आपल्या गल्लीतली स्तामातिया म्हणाली, सासू बरी व्हावी म्हणून धडपडणारा जावई मला एकदा दाखवाच. सगळे हसत असतानाच तुझ्या लेकीचा फोन आला.

ऑपरेशनला नाही म्हणालीस? डॉक्टर सांगताहेत की गाठ वेळेवर सापडलीय, निघेल. आणि तू म्हणे त्यांना ऐकवलंस, "माझी तयारी झालीय." कसली तयारी गं, दोन हात कापडाची? ती पेत्राची सासू बघ. ताप उतरल्याबरोबर उठली आणि पाहुण्यांना वाढायला लागली. आता माझं काय राहिलंय, असं रडगाणं तिने लावलं नाही.

त्यानंतर यरीहोला जुन्या शहराचा ढिगारा पाहिला म्हणतात. मला त्यातली एकही वीट आठवत नाही.

दुपारी नदीवर पोचलो. पाणी गढूळ, पण सगळ्या बायका पांढरे सदरे घालून पायऱ्या उतरल्या. स्तामातियाने तर सहा सदरे आणलेत. त्यातला एक सासूचा, आणि त्या माउलीला पत्ताच नाही. मी माझ्या सदऱ्यासकट तीन डुबक्या मारल्या आणि वर येऊन तुझी पिशवी घेऊन बसले. पाद्री प्रोद्रोमोस समजावत होते की बहिणीच्या वतीने बुडवलं तरी चालतं. मला कळतं ते. पण हात उचलेना. तेवढ्यात स्तामातिया म्हणाली, "दे इकडे, सहात सातवा," आणि पिशवी ओढायला लागली.

"हात लावशील तर नदीत ढकलेन तुला," मी म्हणाले. चाळीस माणसांसमोर, पाद्र्यांसमोर. माफी मागितलेली नाही आणि मागणारही नाही.

तर तुझा सदरा कोरडा आहे. वचन मोडलं मी, काय बोलायचं ते बोल. फोन तू मध्येच ठेवून देतेस, म्हणून हे लिहिलं. याचा फोटो तुझ्या लेकीकडे पाठवतेय. ती तुझ्या उशाशी बसून मोठ्याने वाचेल, आणि तुला ऐकावं लागेल. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन कर आणि ऑपरेशनची तारीख पुन्हा घे. टाके सुकले की मी तुला इथे आणते, मग तुझ्या हाताने बुडव हवा तितका. आईला मी पोचवलं, बाबांना पोचवलं, माझ्या नवऱ्यालाही पोचवलं. तू माझी धाकटी आहेस, पोलिक्सेनी. तुला पोचवायला मला सांगू नकोस.

तुझीच, रागावलेली आणि घाबरलेली,
अर्गिरो