माळीबुवांचा हिरवा चेहरा

३ मार्च

चित्रातल्या माळीबुवांचा चेहरा हिरवा केला मी. आणि पत्ताच नाही! मॅडमनी कॉम्प्युटर-चित्रकलेच्या क्लासमध्ये चित्र पडद्यावर लावलं आणि विचारलं, "यांना बरं नाही का?" सगळे खो खो हसले. मी ठोकून दिलं — झाडांत राहून राहून तसे झालेत. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही पण गुण लागतो म्हणतात. इथे वाणच लागला! मॅडम म्हणाल्या, "कल्पना बरी आहे." सुटलो.

खरं काय ते इथे लिहितो. मला तपकिरी, लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत, लहानपणापासून. क्लासमध्ये कुणाला माहीत नाही. ताई मला चित्राच्याच वरच्या कडेला रंगांचे ठिपके काढून देते — डावीकडे अंगाचा, उजवीकडे पानांचा. मी जागा पाठ करतो आणि तिथून रंग उचलतो. पण मॅडमनी शिकवलंय, चेहरा झाला की चित्र आरशासारखं उलटं करून बघा, तिरका डोळा लगेच सापडतो. केलं. डोळा खरंच तिरका होता. तो सरळ केला आणि तसाच रंगवत सुटलो. चित्राबरोबर ठिपकेही उलटलेत, हे डोक्यातच आलं नाही. अक्कल चरायला गेली होती.

४ मार्च

ताईला सांगितलं. हसून हसून तिचं पोट दुखायला लागलं. दातांच्या दवाखान्यात दिवसभर "बसा, बोलावते" म्हणून म्हणून आंबलेली असते बिचारी. हसली, बरं वाटलं.

७ मार्च

आजचं शिकणं. पात्राची आकृती पूर्ण काळी भरून बघा — तरी कोण ते कळलं, तर पात्र जमलं. रेघा एका थरावर, म्हणजे लेयरवर, रंग वेगळ्या थरावर — एक बिघडला तरी दुसरा वाचतो. आणि रंगाला हात लावायच्या आधी सगळं करड्या छटांत काढा, उजेड कुठून येतो ते ठरवा. करड्यात मी राजा! मॅडमनी माझं चित्र सगळ्यांना दाखवलं.

मग म्हणाल्या, मुलांची चित्रपुस्तकं करणाऱ्या एका स्टुडिओत जागा आहे. तीन चित्रं पाठवायची. रंगीत. मला ही नोकरी हवी आहे. इतकं काही कधीच हवंसं वाटलं नव्हतं.

१२ मार्च

तिन्ही झाली. ताई म्हणाली, "फाइली मला दे, दवाखान्यातून पाठवते. आपलं नेट रडतं." दिल्या.

१९ मार्च

बोलावलं!! "रंग फार सुरेख" असं लिहिलंय. रंग! माझे! आईला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आता तरी दाढी कर."

२० मार्च

पाठवलेल्या फाइली उघडल्या. तिन्हींत सगळ्यांत वर एक थर — मी न काढलेला. बंद केला. चालू केला. पुन्हा बंद. मला काहीच फरक दिसला नाही.

ताई घरी आल्यावर विचारलं. ती चपला काढता काढता थांबली. "चित्रातल्या त्या पोरीचे ओठ हिरवे होते रे. जरासा हात फिरवला."

"मला विचारायचंस."

"विचारलं असतं तर तू पाठवलंच नसतंस."

खरं आहे. म्हणूनच जास्त राग आला. "रंग फार सुरेख" हे तिला म्हटलेलं होतं, आणि मी घरभर नाचलो!

२२ मार्च

ताईशी बोललो नाही. तीही नाही. आई मध्ये बसून निरोप पोचवते.

२४ मार्च

स्टुडिओत जाऊन आलो. समोर बसवून म्हणाले, घाबरट बसड्रायव्हर काढा आणि रंगवा. काढला. खांदे कानांपर्यंत आलेले, स्टिअरिंगला मिठी मारलेली. करड्या छटा भरल्या. उजेड बसच्या पुढच्या काचेतून घेतला. आणि थांबलो. तिथल्या मोठ्या बाई मागेच उभ्या होत्या. अंदाजाने भरले असते रंग, कदाचित खपलेही असते. पण सांगून टाकलं — चित्रं माझी, रंग ताईचे, मला ते दिसतच नाहीत.

त्या चिडल्या नाहीत. ड्रायव्हरचं चित्र मोठं करून बघितलं. मग "कळवतो" म्हणाल्या. "कळवतो"चा अर्थ मलाही कळतो.

घरी येऊन ताईला सांगितलं. "मूर्खा!" म्हणाली आणि रडायला लागली. मग मीही.

२७ मार्च

फोन आला. मोठ्या बाईच. "रंग भरणाऱ्या ताई आहेत का घरात? त्यांच्यासाठी काम आहे." माझ्याबद्दल एक शब्द नाही. मीही विचारलं नाही. ताई आंघोळीला गेली होती. दार बडवून ओरडलो — बाहेर ये, तुला बोलावतायत!