भासऱ्यापुढचा पदर

मोहटोली, ता. पोंभुर्णा
२ जानेवारी २०२५

ति. भैयाजीदादांस,
ज्योत्स्नाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, घरी सगळे धडधाकट आहेत. फोन केला असता, पण आमचा फोन असतो यांच्या खिशात, आणि गावात रेंज मिळते ती फक्त यांच्या मोठ्या भावाच्या अंगणात. त्यांच्याच अंगणात उभं राहून त्यांच्याच केसचं बोलायचं म्हणजे कमालच झाली. उत्तर अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठवा. मदतनीस बाईला पत्र आलं तर कोणी विचारत नाही.

मला समन्स आलं आहे. बावीस तारखेला चंद्रपूरच्या सेशन कोर्टात साक्ष. तुम्हाला ही गोष्ट आईकडून अर्धीमुर्धी कळली असेल, म्हणून सरळच लिहिते. दोन वर्षांमागच्या एप्रिलात मी सकाळी मोहफुलं वेचायला गेले होते. नुकतं उजाडलं होतं. जंगलाला लागून असलेल्या उन्हाळी धानाच्या बांधीत लालसू गुराखी मरून पडला होता, आणि यांचे मोठे भाऊ, माझे भासरे, त्याच्या बाजूला वाकून तार गुंडाळत होते. रानडुकरांसाठी त्या तारेत करंट सोडायचे, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण गावभर सांगितलं की वाघाने मारलं. डॉक्टरांनी कापून पाहिलं तेव्हा करंट निघाला. आता भासरे म्हणतात की तार माझी नाई न् मी त्या दिवशी तिकडे गेलोच नाई.

प्रेत उचलणाऱ्या दोघांनी कोर्टात साक्ष फिरवली. दोघंही म्हणाले की आमाले काई आठवत नाई. पाहिलेली म्हणून आता मी एकटीच उरले.

लालसूची बायको रुखमा वाटेत भेटली की नुसती थांबते. आणि घरात हे थांबत नाहीत. जेवतात आणि उठून जातात. दादा, कोर्टाचं काय व्हायचं ते होवो, पण माझ्या नवऱ्याने एकदा तरी म्हणावं की तू खोटं बोलत नाहीस. दोन वर्षं मी तेवढ्याचीच वाट पाहते आहे.

वहिनीला नमस्कार. तुमच्या गुडघ्यांना माझी आठवण सांगा, मग तरी ऐकतील.

आशीर्वाद जपून ठेवलेले असतील तर ते खर्च करायची हीच वेळ आहे.

तुमची
ज्योत्स्ना

*

अहेरी
८ जानेवारी २०२५

चि. ज्योत्स्नास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

गुडघे तुझं ऐकतात, माझं ऐकत नाहीत. असो.

एकतीस वर्षं मी कोर्टात साक्षीदारांचे जबाब टाइप केले. जज बोलायचे, मी बडवायचो. त्यामुळे एक गोष्ट आधी सांगतो : काय पाहिलंस ते मी तुला शिकवणार नाही, आणि त्या दिवशी कोर्टात पाऊलही टाकणार नाही. मी मागच्या बाकावर दिसलो की वकील पहिलाच प्रश्न विचारेल, की बाई, भावाने काय काय पाठ करून दिलं? फोनही करू नकोस. पत्र लिहिलं होतं का असं विचारलं तर हो म्हण, हे पत्र दाखव. यात लपवण्यासारखं काही नाही.

उभं कसं राहायचं तेवढं सांगतो. उलटतपासणीत वकील आवाज चढवेल, तू चढवू नकोस. विचारलं तेवढंच सांग, हो किंवा नाही. जास्तीचं एक अक्षर नको. मी पाहिलेले निम्मे साक्षीदार जास्त बोलून बुडाले. आणि चेहरा उघडा ठेव. तोंड झाकणाऱ्या बाईवर कोर्टात कोणी विश्वास ठेवत नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

तुझा पोलिसांकडचा पहिला जबाब मात्र आठवून ठेव. त्यात नाव आहे ना तुझ्या भासऱ्याचं, सोमाजीचं?

पत्रूरावांवर चिडू नकोस. सोमाजी त्यांचा सख्खा भाऊ आहे. मी त्यांच्या जागी असतो तर कदाचित जेवलोही नसतो, आणि मी जेवण सोडणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

जिवाला जप. माझी माया आहेच, ती कमी पडली तर कळव.

तुझा
भैयाजीदादा

*

मोहटोली
१४ जानेवारी २०२५

ति. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

नेमकं दुखरं तेच विचारलंत. पहिल्या जबाबात नाव नाही.

जमादाराने विचारलं की कोण होता. आता भासऱ्यांचं नाव मी कसं घेणार? सोळा वर्षांत कधी घेतलं नाही, ओठावरच येत नाही. मी त्यांच्या घराकडे बोट दाखवलं. जमादार लिहीत होता, त्याने मान वर केली नाही. लिहिलं, "एक इसम दिसला." नऊ दिवसांनी मोठे साहेब आले, त्यांनी कागद पुढे केला, त्यावर मी नाव लिहून दिलं. आता वकील म्हणणार की नऊ दिवसांत कोणीतरी शिकवलं.

काल माझी जाऊ चुलीपाशी येऊन बसली. रडली, मग म्हणाली की अंधार होता असं सांगून दे, तुले कोण फासावर देऊन राह्यलं आहे? मी म्हटलं की अंधार नव्हता बाई, फुलं दिसत होती. मग ती उठली, आणि जाताना माझ्याकडून उसनं घेतलेलं वाटीभर मीठ तिथेच ठेवून गेली. दारात हे उभे होते. सगळं ऐकलं आणि गुरांकडे गेले.

मला भीती वाटते, दादा. खोटं ठरायची वाटते. खरं बोलून खोटं ठरले तर गावात तोंड कुठे नेऊ?

पुढचं पत्र साक्ष झाल्यावर. तोवर देवापुढे दिवा लावत राहा, तेलाचं मी बघते.

ज्योत्स्ना

*

मोहटोली
२४ जानेवारी २०२५

ति. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या सल्ल्याने मी जवळजवळ बुडाले. रागावू नका, पण आधी तेच लिहिते.

सरकारी वकिलांचं नीट झालं. मग भासऱ्यांचे वकील उठले. आवाज चढवलाच नाही हो, मधासारखे बोलले. विचारलं की पहिल्या जबाबात नाव सांगितलं होतं का. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी म्हटलं, नाही. बोट दाखवलं होतं हे सांगायचं होतं, पण जास्तीचं एक अक्षर नको ना! नाव किती दिवसांनी आलं? नऊ. मधल्या काळात तुम्ही माहेरी गेला होतात? हो. भाऊ कोर्टात नोकरीला होते? हो. खाली टाइपवाला टकटक करत होता आणि प्रत्येक टकटकीला मी लहान होत होते.

तेवढ्यात मी पिंजऱ्याकडे पाहिलं. तिथे भासरे उभे. आणि माझा हात आपोआप वर गेला, पदर नाकापर्यंत आला. तुम्ही बजावलं होतं, पण हाताने ऐकलं नाही.

वकील तिथेच थांबले. गोड हसून म्हणाले की बाई, त्या सकाळी पण असाच पदर ओढला होता का. मी म्हटलं, हो. हनुवटीपर्यंत? हो. मग त्या माणसाचं तोंड पाहिलं? नाही. सोळा वर्षांत आरोपीचं तोंड कधी सरळ पाहिलं? नाही. ते कोर्टाकडे वळून म्हणाले की जिने आरोपीचं तोंडच पाहिलं नाही तिने आरोपी ओळखला म्हणे, आणि बसले. मागे कोणीतरी हसलं. तिसऱ्या बाकावर हे बसले होते, खाली मान घालून.

मी उतरायला लागले. पण जज मॅडमनी थांबवलं. त्यांनी शांतपणे विचारलं, की त्या सकाळी जंगलात पदर का ओढला.

दादा, तेव्हा मी तुमचं ऐकलं नाही. सगळं सांगितलं. म्हटलं की मॅडम, मोहफुलं वेचताना पदर कमरेला खोचलेला असतो. गुराखी येतात, फॉरेस्टचे लोक येतात, गावची दहा माणसं जातात, कोणापुढे आम्ही पदर ओढत नाही. मले एकच भासरा आहे. वीस पावलांवर पाठमोरे दिसले, अर्धे वळले, न् माझा हात वर गेला. दुसरा कोणी असता तर हात कायले गेला असता? आधी ओळखलं, मग पदर ओढला. नाव पण त्याचमुळे घेतलं नाही, बोट दाखवलं होतं.

वकील ताडकन उठले, की हे जबाबात नाही, आत्ता रचलं. मॅडमनी त्यांना बसवलं आणि माझं बोलणं जसंच्या तसं टाइप करायला सांगितलं. टाइपवाल्याने या खेपेला माझ्याकडे वर पाहिलं.

पटलं की नाही कोण जाणे. मॅडमच्या तोंडावर काहीच दिसत नव्हतं. बसमध्ये हे माझ्यापुढच्या सीटवर बसले, पोंभुर्ण्यापर्यंत एकदाही मागे वळले नाहीत.

चुकलं असेल तर पोटात घाला, बरोबर असेल तरी घालाच.

ज्योत्स्ना

*

अहेरी
११ मार्च २०२५

चि. ज्योत्स्नास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

निकाल तुला कळलाच असेल. सोमाजीला सात वर्षं. चंद्रपूरच्या जुन्या सोबत्याकडून मी निकालपत्राची प्रत मागवली आणि तुझ्याबद्दलचा परिच्छेद तीनदा वाचला. मॅडमनी लिहिलं आहे की साक्षीदाराने नाव उशिरा दिलं ते शिकवणीमुळे नव्हे, घरच्या चालीमुळे. आणि तिला खोटं पाडण्यासाठी जो पदर पुढे केला, त्यानेच तिची ओळख पक्की केली. उलटतपासणीने साक्ष मोडली नाही, उलट उभी राहिली.

मला स्वतःची लाज वाटली, ज्योत्स्ना. "साक्षीदार उत्तर देताना थांबली", "साक्षीदाराने तोंड झाकून घेतलं", असली वाक्यं मी किती बायांच्या नावापुढे टाइप केली असतील. टाइप करताना मनात म्हणायचो, ही खोटं बोलते. त्यातल्या कितीजणींना कोणी पुढचा प्रश्नच विचारला नसेल. आणि तुलाही मी तोच सल्ला दिला. बरं झालं तू ऐकलं नाहीस, तसंही लहानपणापासून कधी ऐकलंस?

आता तरी पत्रूराव बोलले का? नसतील तर मी येतो.

तुझ्यावर नेहमीपेक्षा जास्त माया करणारा,
भैयाजीदादा

*

मोहटोली
१८ मार्च २०२५

ति. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

हे बोलले.

काल भावाला जेलमध्ये कपडे देऊन आले. आज दुपारी अंगणात बसले आणि मला समोर बसवलं. म्हणाले की तू खरी आहेस हे मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या सकाळी भाऊ ती तार घेऊन माझ्याकडेच आला, न् मीच ती दगड बांधून नाल्याच्या डोहात टाकली.

दोन वर्षं मी ज्या वाक्याची वाट पाहिली ते असं आलं. मला वाटायचं यांना माझ्यावर विश्वास नाही म्हणून हे बोलत नाहीत. यांचा विश्वास तर सगळ्यांच्या आधीपासून होता. कोर्टात मला खोटी पाडत होते, लोक हसत होते, आणि एका शब्दात ते थांबवू शकणारा माणूस तिसऱ्या बाकावर मान खाली घालून बसला होता. मला इतका राग आला की रडूही आलं नाही.

मी म्हटलं की रुखमाकडे जा आणि हे तिला स्वतःच्या तोंडाने सांगा. मग पोलिसात जायचं की नाही ते ती सांगेल. तुम्ही गेला नाहीत तर मी जाईन. मला साक्ष द्यायची सवय झाली आहे.

तुम्ही येऊ नका, दादा, आणि या वेळी सल्लाही नको. आशीर्वाद तेवढा असू द्या, तो मी कधी परत केला नाही.

हे दुपारपासून चपला घालून बसलेत. अजून उठले नाहीत. दिवेलागण होईपर्यंत मी वाट पाहणार आहे.

तुमची
ज्योत्स्ना