कोपऱ्यातला राजा

१५ जानेवारी १९६१, रविवार
आज अखेर रावसाहेबांच्या (यापुढे रा.सा.) ओसरीवर पाय पडला. आमच्या घरापासून दोनच गल्ल्या, पण तिथे पोचायला दिवाळीपासून खटपट. निमित्त बुद्धिबळाचं. त्यांच्या मुलीनेच, पद्माने (यापुढे प.) सुचवलं, टायपिंगच्या क्लासात शेजारच्या मशीनवरून : अप्पांना रविवारी खेळायला कोणी मिळत नाही. मी सांगून बसलो, इकडे दक्षिणेत येण्याआधी साताऱ्याला आमच्या आळीत मला हरवणारा नव्हता.

रा.सा.नी पट मांडला तो जवळजवळ रिकामाच. दोन राजे आणि माझं एक प्यादं.
"बाकीचे कुठायत?"
"मेले. सगळे मेल्यावर तुम्ही काय करितां ते बघूं. सैन्य असतां कोणीही शूर."

प्यादं पळवलं. घोड्याच्या पट्टीतून थेट शेवटच्या घरात, आणि ऐटीत तिथे घोडा ठेवला. आमच्याकडे असंच. ज्याच्या घरात पोचेल तेच मोहरं होतं. रा.सा. चष्म्यावरून बघत राहिले.
"वजीर मिळत असतां घोडा कशास?"
इकडे प्यादं पोचलं की सरळ वजीर. एकट्या घोड्याने मात होत नाही, डाव बरोबरीत. तेवढ्यात दाराआडून हसणं ऐकू आलं. तिचं. त्या हसण्यासाठी आणखी चार घोडे केले असते.

१६ जाने., सोम.
प. क्लासात : "घोडेवाले आले की."
मास्तरांनी मान वर केली की दोघं ए एस डी एफ, मान खाली गेली की बोलणं. म्हटलं, येत्या रविवारी अप्पांना आपल्याबद्दल सरळ विचारूनच टाकतो. तिचं मशीन थांबलं.
"विचारूं नका. आधी विचारील त्यास अप्पा नाही म्हणतात. अम्माने पंखा मागितला, अजून घरांत पंखा नाही. रेडिओ कोणी मागितला नव्हता, तो आला."
"मग मी काय करू?"
"त्यांनीच विषय काढला पाहिजे. तोंवर सुम्मा राहा."
तिच्या घरच्या तमिळमिश्रित मराठीत सुम्मा म्हणजे गप्प, काही न करता. हे मला सांगते. प्रोफेसर नुसते 'खाली बस' म्हणाले तर इंटरची पुस्तकं तिथेच टाकून आलेला मी.

२२ जाने., रवि.
धडा : डावाच्या सुरुवातीला राजा लपवायचा, शेवटाला त्यालाच चालवायचं. प्याद्याच्या मागून नाही, पुढून. दोन राजे समोरासमोर, मध्ये एकच घर. मग ज्याची चाल त्याला बाजूला व्हावं लागतं. पटलं. पण हात कुठे ऐकतो. जिंकत आलेला डाव, प्यादं एक घर घाईने ढकललं आणि त्यांच्या राजाला जायला जागाच उरली नाही. शहही नाही. म्हणजे जिच. बरोबरी.
मी म्हटलं, हा अन्याय आहे.
"अन्याय नव्हे. घाई."
'घाई' हा शब्द बाबा रोज जेवताना वापरतात. पट उलटा झाला. मी केला की झाला, आठवत नाही. राजा झोपाळ्याखाली गेला. मी घरी.

२३ जाने.
प. आज बोटं इतकी जोरात चालवत होती की मास्तरांनी शाबासकी दिली. निघताना फक्त : "अप्पांनी वाकून राजा शोधला. त्यांची कंबर दुखते, ठाऊक आहे ना."
दिवसभर काही गोड लागलं नाही. आईने विचारलं, पोट बिघडलं का. हो म्हटलं. ओव्याचा काढा प्यावा लागला.

२९ जाने., रवि.
गेलो. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं. रा.सा. झोपाळ्यावर, पट मांडलेला, गेल्या खेपेचीच जागा, प्यादं ढकलण्याच्या आधीची.
"कुठे होतों आपण? तुमची चाल."
पाठ केलेलं सगळं गिळलं. प्यादं नाही हलवलं. राजा बाजूला घेतला.
"सेरी," म्हणाले. त्यांचं 'सेरी' म्हणजे ठीक, पण त्यात मला पहिला नंबर मिळाल्यासारखं वाटलं.

५ फेब्रु., रवि.
जिंकलो. दोन राजे समोरासमोर, चाल त्यांची, त्यांना सरकावं लागलं, मी दुसऱ्या बाजूने आत. वजीर केला (घोडा नाही). रा.सा.नी आत हाक मारून कॉफी मागवली. प. घेऊन आली. वाटी-पेला माझ्यासमोर ठेवताना हळूच : "वजीर ओळखूं आला वाटतं."
येताना मुद्दाम लांबच्या वाटेने सायकल हात सोडून चालवली. स्टेशनच्या वळणावर पडलो. लागलं नाही विशेष.

१० फेब्रु., शुक्र.
त्रिचीचं स्थळ. मुलगा बँकेत, बी.कॉम. पुरा केलेला. बावीसला बघायला येणार. प.ने हे सांगितलं आणि लगेच मशीनला नवा कागद लावला.
"तुला हवाय का तो?" पहिल्यांदाच 'तू' म्हणालो.
"मज हवा असता तर तुम्हांस राजा कसा चालवायचा ते कशास शिकवूं दिलं असतं?"
मग आजच जाऊन बोलतो म्हटलं. ती म्हणाली, "बोला. आणि पंख्यासारखे घराबाहेरच राहा."

१७ फेब्रु., शुक्र.
आठवडा कसा काढला ते मला माहीत. दोनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परतलो. बाबांशीही भांडलो नाही. त्यामुळे आई जास्तच काळजीत. प. आज क्लासात : "अप्पा आतां तुम्हांस उणी बाजू देणार. त्यांचं प्यादं अगदी कडेचं असलं तर तुमचा राजा कोपऱ्यांत न्या, आणि कोपरा सोडूं नका. काही झालं तरी."
"आणि मग?"
"मग काय. सुम्मा."

१९ फेब्रु., रवि.
तस्संच. त्यांच्याकडे राजा आणि कडेचं प्यादं, माझ्याकडे नुसता राजा. धावत कोपरा गाठला. मग कोपरा, शेजारचं घर, कोपरा, शेजारचं घर.
रा.सा. खेळता खेळता : "त्रिचीचे लोक बुधवारी येतात."
शेजारचं घर.
"मुलगा शांत आहे म्हणतात. पुढे मॅनेजर होईल."
कोपरा. कानशिलं तापली होती. जीभ दातांत धरली होती, अगदी खरीखुरी.
"तुम्हांस कांही बोलावयाचं नाही?"
"नाही. सुम्मा."
आत भांड्यांचा आवाज थांबला. रा.सा. स्वतःच मोहरी गोळा करायला लागले; कोपऱ्यातला राजा बाहेर काढता येत नाही. बरोबरी.
"महिन्यापूर्वी पट फेकणारा मनुष्य हाच का," म्हणाले, मला की झोपाळ्याला कळलं नाही. मी जोडे घालत होतो तेव्हा मागून : "कॉलेज परत कधी धरणार?"
"जूनमध्ये," म्हणालो. हे मलाही तेव्हाच कळलं.
"आणि तुमचे वडील रविवारी घरीं असतात?"
"असतात."
"येत्या रविवारीं पट तिकडे आणतों."
एवढंच. मी 'बरं' म्हणालो आणि फाटक नीट लावून घेतलं. गल्ली संपेपर्यंत चालतच गेलो, मग मात्र धावलो.

२० फेब्रु., सोम.
बाबांना दोन्ही सांगितलं : जून, आणि रविवारचे पाहुणे. पेपर खाली आला. "बुद्धिबळ? मला कुठे येतं?" आईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "तुम्हाला नुसतं बसायचंय हो."

२२ फेब्रु., बुध.
आज त्रिचीवाले. प. क्लासाला आली होती, केसात अबोलीचा गजरा, संध्याकाळसाठी अम्माने सकाळीच माळलेला. आणि ही मजेत टायपिंग करतेय.
"भीती नाही वाटत?"
"कशाची? ते लोक विचारावयासच येतात की."
"म्हणजे?"
"आधी तेच विचारणार. आणि आधी विचारील त्यास अप्पा?"
मास्तरांनी मान वर केली. ए एस डी एफ. माझी सगळी अक्षरं चुकली.

संध्याकाळ. आमच्या गच्चीवरून त्यांच्या गल्लीत एक टॅक्सी वळताना दिसली. मी घरीच. सायकल आत आणून ठेवलीय आणि कुलपाची किल्ली आईकडे दिलीय. दोनदा परत मागितली. देत नाही.