दादाच्या घरचा कागदी पोरगा

आई, मी काशीला आलोय. रामघाटाच्या गल्लीत एका मराठी गुरुजींकडे उतरलोय आणि त्यांच्या वरच्या खोलीत बसून लिहितोय. तू गेल्यावर घरात आलेली, तू न पाहिलेली तुझी धाकटी सून खाली त्यांच्या घरातल्या बायकांबरोबर मटार सोलत बसली आहे. पन्नाशीला आल्यावर का होईना, मीही काशी पाहिली, हे तुला सांगावं म्हणून कागद घेतला. पण इथेही माझ्या आधी दुसऱ्यानेच सगळं पाहून घेतलं, आणि तोही दादाच्याच घरचा.

दादाची नात दुसरीत आहे. तिच्या शाळेने मुलांना एक काम दिलंय. कागदाचा एक मित्र कापून रंगवायचा आणि घरातलं कुणी गावाला निघालं की त्याच्याबरोबर धाडायचा. नेणाऱ्याने त्याला तिथलं सगळं दाखवायचं, फोटो काढायचे आणि जपून परत आणायचा. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी ती आली आणि वीतभर उंचीचा, पिवळ्या सदऱ्यातला, एक डोळा मोठा नि एक बारीक असा पोरगा माझ्या हातात ठेवून म्हणाली, "धाकटे आबा, याला खिडकीशी बसवा हं. याला गाडी लागत नाही." तिला काय ठाऊक, पण मला ते टोचलं.

मामा तुला काशीला घेऊन निघाला तेव्हा एकच पोर नेता येईल म्हणाला होता. मी सहा वर्षांचा, दादा दहाचा. मला गाडी लागते म्हणून तू त्याला नेलंस आणि मला आत्याकडे ठेवलंस. तुम्ही परत आलात तो दिवस मला अजून दिसतो. तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस, मी उंबऱ्यावर फुगून बसलोय, आणि बाहेर दादा सगळ्या आळीला नाव कशी डुलते ते अंग हलवून दाखवतोय. तू मला रंगीत लाकडी पोपट देतेस, मी घेत नाही. मग तू म्हणालीस, "तुझीपण आंघोळ झालीय गंगेत. मीच घातली." मी म्हटलं, मी तर आत्याकडे बादलीतच आंघोळ करत होतो. तू हसलीस, आणि तरी मी जेवायला उठेना तेव्हा पाठीत एक धपाटा घातलास. लहान पोराला गप्प करायला आईने मारलेली थाप, असंच मी आजवर धरून चाललो. दादा मात्र कुठल्याही कार्यात, कुठल्याही पंगतीत काशीचा विषय काढतोच, आणि तो काढला की माझा घास फिरतो.

इथे आल्यापासून तो कागदी पोरगा माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे. रोज पोरीचा फोन येतो, समोर तिचा चेहरा दिसतो, पण तिला माझा बघायचा नसतो. "तुम्ही बाजूला व्हा ना, तो दिसत नाहीये," म्हणते. काल नावेत बसलो तर नावाड्याने आधी विचारलं, इसका भी टिकट लगेगा क्या? सगळे हसले. मग तोच आपणहून म्हणाला, "बाबूजी, बच्चे को आगे बिठाइए, वहाँ से अच्छा दिखेगा." पुढची फळी त्याला मिळाली आणि मी मागे बसलो. शिंदे घाटाचं ते पाण्यात कललेलं देऊळ त्याला दाखवलं, राजा घाटाच्या पायऱ्या दाखवल्या, फोटो काढले. त्या लहान पोरीला या कागदाच्या तुकड्याने सगळं पाहावं असं किती मनापासून वाटत होतं. माझ्यासाठी असं कुणाला वाटलं होतं का, हा विचार मी काढून टाकला तरी परत येत होता. बायकोने माझं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "अहो, कागदाशी कसली बरोबरी करता?"

संध्याकाळी गुरुजींनी तो पोरगा पाहिला. मला वाटलं थट्टा करतील. मी म्हटलं, नातीचा शाळेतला अभ्यास आहे, तिच्या बदली हा आलाय. त्यांनी तो नीट हातात घेतला. "ही तर पुरानी पद्धत आहे," ते म्हणाले. "जो येऊ शकला नाही त्याच्या नावाने दर्भाचं बाहुलं बांधायचं आणि आपल्याबरोबर त्यालाही गंगेत बुडी द्यायची. आमच्या वडिलांच्या वेळेला देशावरच्या बायका हमेशा करायच्या. मुलं घरी ठेवून यायच्या ना." आणि हसून पुढे म्हणाले, त्या बाहुल्यामुळे घरी राहिलेल्याला पुण्याचा आठवा हिस्सा मिळतो. आई, लाज वाटते सांगायला, पण माझ्या मनात पहिलं हेच आलं की दादाला सगळं आणि मला आठवा हिस्सा. चूल, भाकरी, तुझं ते "मीच घातली" आणि ते हसणं त्यानंतर आठवलं. मग मला तिथे बसवेना.

मी गच्चीवर जाऊन दादाला फोन लावला. आईने इथे माझ्या नावानं काही केलं होतं का, एवढंच विचारलं. तो म्हणाला, "ते गवताचं बाहुलं ना? त्याला विसरतोय व्हय मी. सकाळपासून पदरात धरून बसली होती. नावाडी मला वल्हं धरू देत होता, मी म्हटलं, आई, बघ की. तर म्हणते, थांब, याला ऊन लागतंय. पहिली बुडी त्याला, आणि माझी आंघोळ मामानं उरकली. मी तिथं खराखुरा उभा, आणि ती गवताशी बोलतेय. तुला गाडी लागते म्हणून घरी ठेवला, तरी तू आडवा आलासच." तो हसला. मीही हसलो. पंगतीत तो इतकी वर्षं ती काशी रंगवून सांगत होता, ती त्याला नीट मिळालीच नव्हती. मला बरं वाटायला हवं होतं. पण मी विचारलं, त्याच्याशी काय बोलत होती ती? "ते नाही ऐकलं बाबा," तो म्हणाला, "मी रुसून वरच्या पायरीवर जाऊन बसलो होतो." आणि मला नव्यानेच त्याचा हेवा वाटला. त्याच्या कानाला ऐकू येत होतं, आणि त्याने ऐकलं नाही.

आज सकाळी गुरुजींनी दर्भाचं बाहुलं बांधून दिलं. कोणाच्या नावाने, विचारलं, तेव्हा मी दादाच्या नातीचं नाव सांगितलं. पाणी फार गार होतं. बाहुलं मुठीत धरून खाली वाकलो आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "घाबरू नको, मी धरलंय तुला." असलं मी कधी कुणाशी बोलत नाही. शब्द माझे नव्हते, आणि मला उगाच मागे वळून पाहावंसं वाटलं.

बायको म्हणते, लिहून झालं की कागद गंगेत सोडा. सोडणार नाही, आणि घरी दादाच्या हाती लागेल असा ठेवणारही नाही. बुडीचं बायकोने घरी कळवलं होतं, म्हणून दुपारी त्याचा फोन आला होता. पोरीच्या बाहुल्याला बुडी देताना काय म्हणालास, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, काही नाही, नुसती बुडी दिली. खोटं बोललो, आई. ते शब्द तेव्हा तूच माझ्याशी बोललीस असं मला धरून चालायचंय, आणि त्यात मला दादा नको आहे.