मोठं इंजिन, जुनं ब्रेक

मंगळवार, दिवेलागण

नातवानं माझ्या नवऱ्याच्या जुन्या, लहान गाडीत मोठं इंजिन बसवलंय. बॉनेट लागत नाय म्हणून गाईच्या दाव्यानं बांधलंय. गाईचं दावं.

मला म्हणतो, "आजे, नारळ फोड गं. उद्या माझ्या पोरीला खंडाळा दाखवतो."

मी विचारलं, "ब्रेक कंचं रं?"

"जुनंच हाय."

म्हंजे घाट झपकन चढणार. आणि उतरताना? पळायची हौस दांडगी, थांबायची अक्कल नाय. त्याची पोर अजून नीट चालत पण नाय.

माझंच चुकतंय का? चुकू दे.

नारळ फोडला, पण चटणीला. दावं सोडून गाईला बांधलं. गाडीची चावी माझ्या चंचीत हाय. सकाळी मागेल, तवा सुपारी देईन.