एक गोळी वर जाते

२४ मार्च १९८६
पुन्हा चुकला! गोळी खारीच्या डोक्यावरून गेली, मागच्या बांधावर धूळ उडाली. आणि खार बसूनच राहिली. पळालीसुद्धा नाही. ह्याला अपमान म्हणायचं नाही तर काय!

एल्डनने बंदूक खाली ठेवली, टोपी काढली आणि टोपीच्या आत बघत बसला. पूर्वी हाच माझा नवरा ट्रकच्या खिडकीतून सहज उडवायचा त्यांना. सगळ्या तालुक्यात त्याच्या नेमाचं नाव आहे. निदान होतं.

खळग्यांत अजून बर्फ आहे आणि गोफर मात्र वर आले. (खारीच त्या, बिळातल्या, पण इथे त्यांना गोफर सोडून कुणी दुसरं काही म्हणत नाही.) खालच्या शेतातला लसूणघास नुकता हिरवा होतोय तोच कुरतडायला लागले. बिळांवर बिळं. गेल्या वर्षी एका गाईचा पाय अशाच बिळात गेला होता.

२५ मार्च
"बंदूकच भिकार आहे," सकाळी अंडी खाताना एल्डन.

"लिलावात घेताना म्हणालास हिरा सापडला."

"मग काडतुसं भिकार. दुकानातली. कशी भरतात कोण जाणे."

मग कॉफी ढवळत, माझ्याकडे न बघता: "एप्रिल संपेपर्यंत बघतो. नाहीतर विषाचे ओट टाकून मोकळा होतो."

बेंट असाच गेला — आमचा आधीचा कुत्रा. विष खाल्लेली खार त्याने खाल्ली. तो कसा गेला ते मी इथे लिहिणार नाही. आता टुप्पी आहे, अजून पिल्लूच, आणि दिसेल ते तोंडात घालते.

"काडतुसं मी भरते," मी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे!

"तू? रग्ना, ते चर्चमध्ये ऑर्गन वाजवण्यासारखं नाही."

"ऑर्गनला दोन हात आणि दोन पाय लागतात. हे त्याहून सोपंच असेल."

२८ मार्च
ओपल कुंट्झकडे गेले होते. नवरा गेल्यापासून एकटी राहते, ऐंशीच्या पुढची आहे, आणि स्वयंपाकघराच्या टेबलाला काडतुसं भरायचं दाबयंत्र बोल्टने पक्कं बसवलेलं. एका टोकाला पाव मळते, दुसऱ्या टोकाला काडतुसं.

"दोन्ही एकदम नाही हं," म्हणाली. "एकदा पावात टोपी सापडली. पाद्रीबाबांच्या."

टोपी म्हणजे काडतुसाच्या बुडाला बसते ती, तांब्याची, मसुराएवढी. ठिणगी तीच देते. बाकीचं काम असं: झाडलेली पुंगळी घ्यायची, घासून स्वच्छ करायची, यंत्रात दाबून मूळ आकारात आणायची. नवी टोपी बसवायची. दारू तोलून ओतायची. वर गोळी दाबून बसवायची. झालं. मुलंही करतील असं वाटतं. मग तराजू समोर येतो. त्याचा काटा माझ्या श्वासाने हलतो!

ओपलचे नियम: कमी दारूपासून सुरुवात, आणि हळूहळू वर. आणि — "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदललीस तर गुण कुणाचा नि दोष कुणाचा, सांगणार कोण?"

"आणि घाई केली तर?"

"तर बंदूक तोंडावर फुटेल. मग ऑर्गन वाजव, पण पाठमोरी बसून."

जुनं दाबयंत्र आणि तराजू मला वापरायला दिले. घरी येताना ट्रकमध्ये गात होते मी.

२ एप्रिल
पहिली खेप. बांधाच्या पायथ्याशी कागद लावला, शंभर यार्डांवर. भरायचं मी आणि झाडायचं एल्डनने, असं काही ठरवलं नव्हतं, ठरलंच ते. वाळूच्या पिशव्यांवर बंदूक टेकवून पाच काडतुसं.

चार गोळ्यांची भोकं एका नाण्याखाली झाकली जातील! आणि पाचवी वर. सरळ वर, एकटी, रुसून बसल्यासारखी.

"बघ. भिकार," एल्डन.

"चार, एल्डन! चार!"

"खार पाचव्या गोळीची वाट बघत बसते."

६ एप्रिल
गोळी किंचित जास्त खोल बसवली. चारांचा पुंजका आणखी लहान. एक वर.

प्रार्थनेत लोक दुसऱ्या कडव्यानंतर थांबले. मी तिसरं वाजवत राहिले. त्या एका गोळीचाच विचार डोक्यात होता. पाद्रीबाबा खोकले तेव्हा कळलं.

९ एप्रिल
दारू बदलली. पुंजका थोडा पसरला. पुन्हा पहिली दारू. पुंजका आवळला. एक वर.

आता एक नवीन गंमत. एल्डन झाडत असताना मी दुर्बिणीतून कागद बघते आणि कुठली गोळी कुठे गेली ते खडूने पाटीवर मांडते. वर जाणारी गोळी दर वेळी पाचवी नसते! कधी दुसरी. कधी पहिलीच. एकदा दोन गेल्या. नळी तापून होत असतं तर शेवटची गेली असती. वाऱ्याने होत असतं तर बाजूला गेली असती. आमचा वारा काही वर वाहत नाही.

मग कोण नेतं तिला वर?

वय झाल्यावर असं काही मिळेल असं वाटलं नव्हतं. सकाळी डोळा उघडतो तो ह्याच विचाराने.

१३ एप्रिल
ओपल म्हणाली पुंगळ्या वेगळ्या कर. केल्या — वजनाने, एकसारख्या तेवढ्याच ठेवल्या. बंदुकीवरच्या दुर्बिणीचे स्क्रू आवळले. लाकडाला नळी कुठे घासते का ते कागदाची पट्टी सरकवून पाहिलं. नाही घासत.

एक वर.

एल्डन कागदाकडे बघायलाही गेला नाही. "महिना अर्धा गेला," एवढंच. कोठारात ओटचं पोतं येऊन पडलंय. विष अजून मिसळलेलं नाही. टुप्पी त्या पोत्यावर झोपते.

१७ एप्रिल


एल्डन पेरणीयंत्राचा सुटा भाग आणायला गावात गेला होता. ओपल आली, काठी टेकत बांधापर्यंत चालली, सगळे कागद एकापुढे एक मांडून बघितले.

"गोळीला पाय नसतात, रग्ना. कुणीतरी सांगतंय तिला वर जा म्हणून. बस तू. झाड."

"मी?"

"मग काय मी? मला तो कागदसुद्धा दिसत नाही."

बसले. गाल लाकडाला लावला. दुर्बिणीत नेमाची फुली, फुलीखाली काळा ठिपका. चाप हळू ओढायचा, बार झाला की स्वतःलाच आश्चर्य वाटलं पाहिजे, असं एल्डन नेहमी सांगतो. वाटलं आश्चर्य! पाच वेळा.

कागदावर एकच भोक. कडा फाटलेलं, उलट्या बदामासारखं. वर काही नाही.

ओपलने चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. "म्हणजे बंदुकीचं नाही. काडतुसांचं नाही."

मी तो कागद काढला आणि घडी करून खिशात ठेवला.

"हा कागद त्याला दाखवू नकोस," जाताना म्हणाली. "बायकोचा करपलेला रस्सा नवरे चालवून घेतात. बायकोचा नेम नाही चालत त्यांना."

१८ एप्रिल
दाखवला. लपवणं मला जमत नाही.

कागद उजेडाकडे धरून बघितला. "काल वारा नव्हता." जेवताना: "डोळे गेले असतील माझे." मग जाऊन फाटकाला तेल घातलं. ते फाटक कधीच करकरत नाही.

वाईट वाटलं. पण कोडं तसंच आहे ना! डोळे गेले असते तर सगळ्याच गोळ्या पसरल्या असत्या. चार एका नाण्याखाली का जातील?

२१ एप्रिल
आज त्याला बांधावर नेलं. काडतूस नाही, रिकामी बंदूक. "फक्त नेम धर. आणि काय दिसतं ते बोलत राहा."

"हा काय पोरखेळ?"

"बोल."

"फुली दिसते. ठिपक्यावर आहे. उडतेय."

"कशी उडतेय?"

"नाडीबरोबर. सगळ्यांचीच उडते, रग्ना."

खरं आहे. माझीही उडते, दर ठोक्याला बारीकशी.

"मग?"

"मग थांबते."

"कोण थांबतं?"

"फुली. एकदम स्थिर. तेव्हाच तर चाप ओढायचा! मी वाट बघतो तिची. पण कधीकधी मी ओढतो तोच ती मोठी उडी मारते. वर."

मी त्याच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली. तो नेम धरूनच होता, मान हलवली नाही. ठोका. ठोका. ठोका. ठोका. आणि — काही नाही. काहीच नाही. मी आयुष्यभर तालात वाजवत आले, ताल कुठे यायला हवा ते माझ्या बोटांना कळतं. आला नाही. मग एकदम मोठा ठोका, बोटं उचलली गेली.

"आत्ता! आत्ता उडाली बघ," एल्डन म्हणाला, खूश होऊन.

"एल्डन, माझी फुली थांबत नाही."

"मग तू नेम कसा धरतेस?"

२२ एप्रिल
भांडण. वासरं येताहेत. पेरणी अर्धी आहे. "गवत कापून झालं की जाऊ डॉक्टरकडे. मला दुखत नाही, खुपत नाही, धाप लागत नाही."

मग कसं कोण जाणे, त्याच्या तोंडून निसटलं — मार्चमध्ये ट्रॅक्टरवर डुलकी लागली होती. जागा झाला तेव्हा ट्रॅक्टर कुंपणात शिरला होता. ते कुंपण त्याने मला न सांगता दुरुस्त केलं. आणि मागच्या आठवड्यात पुन्हा.

"भर सकाळी डुलकी?"

"थकतो माणूस."

मी वाद बंद केला. ओपलला फोन केला. म्हणाली तिचा पुतण्या गाईंचं बघेल, टुप्पीला ती स्वतः घेऊन जाईल. एल्डनचा चांगला शर्ट ट्रकच्या सीटवर ठेवला, स्टिअरिंगवर बसले आणि भोंगा दाबला. दाबूनच धरला.

तो दारात आला. "बंद कर ते! लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? गाई?"

शर्ट न बदलताच येऊन बसला. माइल्स सिटीच्या दवाखान्यापर्यंत मी डाव्या हाताने गाडी चालवली, उजव्याने त्याचं मनगट धरलं होतं. त्याने हात काढून घेतला नाही.

२३ एप्रिल
डॉक्टरने छातीला तारा लावल्या. यंत्रातून कागदाची पट्टी निघत होती — टोकं, टोकं, टोकं, आणि मग नुसती सपाट रेघ. खांब उपटलेल्या कुंपणासारखी. एल्डन टेबलावर पडून छताकडे बघत हवेविषयी बोलत होता आणि मी त्या रेघेकडे बघत होते. केवढी लांब! मग एक उंच टोक.

हृदयाच्या वरच्या खणातून खाली निरोप पोचत नाही, डॉक्टर म्हणाला. मध्येच तुटतो. डुलकी नव्हती ती.

"पुढच्या वेळी रेघ अशीच सपाट चालू राहिली असती. तुमच्या लक्षात कसं आलं? त्यांना तर काहीच त्रास नाही."

मी सांगितलं. काडतुसं, पुंजका, फुली, सगळं. त्याने पेन खाली ठेवलं. "पुन्हा सांगा," म्हणाला आणि नर्सला आत बोलावलं.

एल्डन उठून बसला, बटणं लावत. "म्हणजे तिची काडतुसं चांगली होती?"

"तुम्ही सरळ बिलिंग्जच्या मोठ्या हॉस्पिटलात जा. आत्ताच. आणि गाडी ह्यांना चालवू द्या."

२४ एप्रिल
बिलिंग्ज. उद्या सकाळी गळ्याच्या हाडाखाली एक छोटं यंत्र बसवणार, चुकलेला ठोका ते देईल. डॉक्टरीण तरुण आहे, स्वतः शेतावरच वाढलेली. तिने विचारलं, "बंदूक कुठल्या खांद्याला लावता? नेहमी आम्ही डावीकडे बसवतो, पण दस्त्याचा धक्का तिथेच बसत असेल तर उजवीकडे बसवू. थोडं कटकटीचं आहे, पण जमतं."

एल्डन डावखुरा आहे, बंदूक डाव्याच खांद्याला लावतो.

त्याने डावा खांदा एकदा चाचपला.

"डावीकडेच बसवा," म्हणाला. "आमच्याकडे बंदूक ही चालवते."